माइनक्राफ्टमध्ये खनिज कुठे लागतं आणि आधी कशावर खर्चायचं

गावात माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांच्या जगात खणायचा आणि बांधायचा खेळ, नव्याने खेळायला लागलेली पोट्टी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हिरा कोठी भेटते?" माझं उत्तरही ठरलेलं असतं, "पयले लोखंड काढ, मंग हिऱ्याचं बोलू." हे उत्तर उभ्या उभ्या पूर्ण देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

या खेळात प्रत्येक खनिजाची खोली ठरलेली आहे. नशिबाचा भाग आहे, पण तो योग्य खोलीवर पोचल्यानंतरचा. विदर्भातल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यायची गरज पडू नये. आपल्याकडे कोळसा वाटेल तिथे लागत नाही. तो वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात लागतो. मँगनीज नागपूर-भंडाऱ्याकडे मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्गला. लोहखनिज गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर. आणि बुलढाण्याच्या घाटावर खोदलं तर काळा पाषाण. जमीन जशी तशी तिची दौलत. खेळातली जमीन मात्र सगळीकडे साधारण सारखीच असते, म्हणून तिथे गाव न बघता खोली बघायची.

आधी आकडा दिसू द्या

खोली कळायला खेळात तीन आकडे असतात: एक्स, वाय आणि झेड. एक्स आणि झेड म्हणजे तुम्ही जमिनीवर कुठे आहात, आणि वाय म्हणजे किती उंचीवर किंवा खोलीवर आहात. आपल्याकडे बहुतेक जण फोनवर खेळतात. फोनवरच्या खेळाला बेडरॉक आवृत्ती म्हणतात. तिथे जग तयार करताना किंवा नंतर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन 'शो कोऑर्डिनेट्स' सुरू करा. डाव्या कोपऱ्यात तीन आकडे दिसू लागतील, त्यातला मधला वाय. संगणकावर जावा आवृत्ती असेल तर एफ३ बटण दाबायचं. हा आकडा न बघता खणणाऱ्याचा सगळा वेळ अंदाजात जातो, म्हणून हे काम आजच करून टाका.

दुसरी महत्त्वाची गोष्ट जुन्या व्हिडिओंची. "अकराव्या थरावर हिरा मिळतो" असं सांगणारे व्हिडिओ अजूनही फिरत असतात. एके काळी ते बरोबर होतं. ३० नोव्हेंबर २०२१ ला १.१८ ही आवृत्ती आली आणि जमिनीचा तळ शून्यावरून उणे ६४ वर गेला. सगळ्या खनिजांच्या जागाही तेव्हाच बदलल्या. म्हणून व्हिडिओ बघताना आधी त्याची तारीख बघा. त्याआधीचा असेल तर त्यातले खोलीचे आकडे सोडून द्या.

फोन साधा असेल आणि खेळ अडकत असेल, तर व्हिडिओ सेटिंगमधलं 'रेंडर डिस्टन्स' कमी करा. खाणीत तसंही लांबचं काही बघायचं नसतं, आणि लाव्ह्याच्या काठावर खेळ अडकला तर हातातलं सगळं जातं. माइनक्राफ्ट विकत घेणं जमत नसेल त्यांनी लुआंटी हे ठोकळ्यांच्याच खेळांचं सॉफ्टवेअर बघावं. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. ते मोफत आहे, साध्या संगणकावर आणि फोनवर चालतं. त्यातल्या खेळांत खनिजांची खोली वेगळी असते, त्यामुळे खाली दिलेले आकडे तिथे लावू नका.

जमिनीचे थर

गावात विहीर खोदताना बघितली असेल तर ही गोष्ट लगेच समजेल. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. विहिरीवरचा जाणता माणूस वर आलेला गोटा हातात घेऊनच सांगतो की काम किती खाली गेलं. खेळातही दगडच तुम्हाला खोली सांगतो. समुद्राची पातळी ६२ च्या आसपास आहे. वरची माती चार-पाच ठोकळ्यांत संपते आणि राखाडी दगड सुरू होतो. ८ ते ० च्या दरम्यान त्यात गडद, जवळजवळ काळसर दगड मिसळायला लागतो. तो डीपस्लेट. शून्याखाली सगळीकडे तोच. साध्या दगडापेक्षा तो फोडायला जास्त वेळ लागतो. अगदी तळाशी, उणे ६० ते उणे ६४ मध्ये, बेडरॉक नावाचा दगड असतो. तो कशानेच फुटत नाही.

आता कोणतं खनिज कुठे, ते सांगतो.

कोळसा वरच मिळतो. ९६ च्या आसपास सर्वांत जास्त, म्हणजे टेकड्या आणि डोंगरांच्या पोटात. शून्याखाली कोळसा मुळीच नाही. खाली खोल जाऊन मशाली संपल्या आणि कोळसा शोधत बसले, असं नव्या खेळाडूंचं फार होतं. कोळसा वरूनच भरून न्या.

लोखंडाच्या दोन जागा आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक १६ च्या आसपास, म्हणजे समुद्राच्या पातळीपासून साधारण पंचेचाळीस ठोकळे खाली. दुसरी उंच डोंगरांत. ८० च्या वर लोखंड पुन्हा सुरू होतं आणि जितकं उंच तितकं वाढतं, २३२ पर्यंत. जवळ मोठा बर्फाळ किंवा दगडी डोंगर असेल तर माझा सल्ला सरळ आहे: खाली जाऊच नका. डोंगरावर कोळसा आणि लोखंड दोन्ही उघड्या कड्यांवर दिसतात, उजेड असतो, आणि दिवसा राक्षसांची भीती कमी. फक्त कड्यावरून पाय घसरू देऊ नका.

तांबं ४८ च्या आसपास. सोनं उणे १६ ला सर्वांत जास्त. लापिस म्हणजे निळं खनिज, शून्याच्या आसपास. रेडस्टोन म्हणजे लाल खनिज, १५ च्या खाली सुरू होतं आणि तळाकडे वाढत जातं. पाचू फक्त डोंगराळ प्रदेशात मिळतो, त्याबद्दल शेवटी सांगतो.

हिरा १६ पासून खाली सगळीकडे असतो, पण वर नावाला. जितकं खाली जाल तितका तो वाढतो, आणि उणे ५९ च्या आसपास सर्वांत चांगला मिळतो. मात्र उणे ५५ आणि त्याखालच्या गुहा लाव्ह्याने भरलेल्या असतात. म्हणून पहिल्यांदा खाली जाणाऱ्याने उणे ५३ वर काम करावं असं मी म्हणतो. हिरे थोडे कमी मिळतील, पण लाव्ह्याची तळी तुमच्या पायाखाली राहतील, समोर फुटणार नाहीत. हात बसला की उणे ५८ वर उतरा.

कोणत्या हत्याराने काय निघतं

इथे चूक झाली तर खनिज फुटतं आणि हाती काहीच लागत नाही. खेळ तुम्हाला आधी सांगत नाही. ठोकळा गायब होतो, बस.

लाकडी पिकॅक्सने, म्हणजे खणायच्या कुदळीने, दगड आणि कोळसा निघतो. दगडी पिकॅक्सने लोखंड, तांबं आणि लापिस. सोनं, रेडस्टोन, पाचू आणि हिरा यांना लोखंडी पिकॅक्सच लागते. ऑब्सिडियन म्हणजे लाव्ह्यावर पाणी पडून होणारा काळा दगड, त्याला हिऱ्याचीच लागते. सोन्याची पिकॅक्स दिसायला छान असते आणि चालतेही भराभर, पण ३२ ठोकळ्यांत तुटते आणि हिरा तिने निघत नाही. सोनं तिच्यात घालवू नका.

टिकाऊपणा असा: लाकडी ५९ ठोकळे, दगडी १३१, लोखंडी २५०, हिऱ्याची १५६१. २०२५ च्या अपडेटमध्ये तांब्याची हत्यारंही आली. तांब्याची पिकॅक्स १९० ठोकळे टिकते, पण तिची ताकद दगडीएवढीच. तिने हिरा निघत नाही, हे लक्षात असू द्या.

लाकडी पिकॅक्स एकदाच करायची. तिने थोडे दगड काढले की लगेच दगडी करा.

खाली उतरण्याची तयारी

सोबत असायला हवं: दोन-तीन दगडी पिकॅक्स, खायला पाव किंवा भाजलेलं मांस, एक क्राफ्टिंग टेबल (हत्यारं बनवायचं टेबल), काही लाकडं आणि भरपूर मशाली. एक कोळसा आणि एक काठी यांच्या चार मशाली होतात. कोळसा अजून सापडला नसेल तर अडून बसू नका. भट्टीत लाकडाचा ओंडका भाजा, लोणारी कोळसा होतो. तो खाणीतल्या कोळशाएवढंच काम करतो, मशालीलाही आणि जळणालाही.

घरात पलंग टाकून एकदा झोपून घ्या, म्हणजे मेलात तर तिथेच उठाल. जे गमावायचं नाही ते पेटीत ठेवा. आणि घराचे तिन्ही आकडे वहीत लिहा. वहीच बरी, कारण फोनवर खेळ सुरू असताना नोंदीसाठी दुसरं ॲप उघडलं की साध्या फोनवर खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

खणायचं कसं

उभ्या जागी पायाखाली खणू नये. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि सगळे मोडतात. खाली गुहा असेल तर पडून मराल, लाव्हा असेल तर सामानासकट जळाल. जिना खणत उतरा: एक पाऊल पुढे, एक खाली, डोक्याला लागणार नाही इतकी मोकळी जागा वर. वेळ थोडा जास्त जातो, पण परतीची वाट तयार राहते.

मशाली नेहमी एकाच बाजूच्या भिंतीवर लावा. जाताना डाव्या हाताला लावल्या तर येताना त्या उजव्या हाताला दिसल्या पाहिजेत. त्या तशा दिसत असतील तर तुम्ही घराकडेच चाललात. मोठ्या गुहेत हाच एक उपाय खात्रीने चालतो. १.१८ पासून राक्षस पूर्ण अंधारातच उगवतात, म्हणून मशाल वाट दाखवते आणि राखणही करते. लावायला कंजुषी नको.

कोळसा, तांबं आणि लोखंडासाठी गुहा उत्तम. भिंती उघड्याच असतात, चालता चालता खनिज दिसतं. हिऱ्याचं वेगळं आहे. मोकळ्या हवेला लागून हिरे मुद्दाम कमी ठेवलेले आहेत. ते दगडात दडलेले जास्त असतात, म्हणून तिथे बोगदा खणावा लागतो. ठरलेल्या खोलीवर पोचलात की सरळ एक बोगदा काढा, दोन ठोकळे उंच आणि एक रुंद. मग त्याच्या दोन्ही बाजूंना फाटे काढा. दोन फाट्यांच्या मध्ये दोन ठोकळ्यांची भिंत सोडा. असं केलं की प्रत्येक ठोकळ्याची एक तरी बाजू तुमच्या नजरेखालून जाते. मध्ये तीन सोडले तर एक ओळ न बघता राहते, पण खणणं कमी होतं. मला तेही चालतं, कारण हिरे बहुतेक वेळा घोळक्याने असतात आणि एखादा कडेला दिसतोच.

लाव्ह्याची चाहूल कानाने लागते. बुडबुड आवाज आला की थांबा, हळू एक ठोकळा काढा आणि बघा. पाण्याची बादली हाताशी ठेवा. लाव्ह्यावर पाणी सोडलं की उभा लाव्हा ऑब्सिडियन होतो आणि वाहता लाव्हा साधा दगड. हिरा दिसला की आनंदाने लगेच फोडू नका. आधी त्याच्या चारही बाजूंचा आणि खालचा दगड काढून बघा. हिऱ्यामागे लाव्हा असला तर फोडलेला हिरा त्यात पडून जळतो. हे बघायला मिनिटही लागत नाही.

डोक्यावर रेतीगोट्याचा ठोकळा, म्हणजे ग्रॅव्हल, असेल तर तो कोसळतो आणि त्यात गुदमरून मरता येतं. आणि खोल गुहेत काळपट निळसर, ठिपक्या-ठिपक्यांची जमीन दिसली तर मागे फिरा. तो डीप डार्क. तिथे आवाज केला तर वॉर्डन नावाचा राक्षस येतो आणि नवख्या खेळाडूचा त्याच्यापुढे निभाव लागत नाही.

मेलातच तर घाबरू नका. पडलेलं सामान पाच मिनिटं राहतं, आणि ती पाच मिनिटं तुम्ही त्या भागाच्या जवळ असतानाच मोजली जातात. लांब पलंगावर उठलात तर आधी पाव आणि पिकॅक्स घ्या, आकडे बघा आणि मग निघा.

भट्टी

लोखंड, तांबं आणि सोनं यांचे कच्चे गोळे मिळतात, ते भाजून त्यांच्या विटा कराव्या लागतात. कोळसा, हिरा, लापिस आणि रेडस्टोन थेट वापरता येतात. आठ दगडांची एक भट्टी होते. खाली जळण, वर कच्चं लोखंड. एका गोळ्याला दहा सेकंद लागतात. एका कोळशात आठ गोळे भाजतात, म्हणजे चौसष्टच्या पूर्ण ढिगाला आठ कोळसे पुरे. नऊ कोळशांचा एक ठोकळा केला तर त्यात बहात्तरऐवजी ऐंशी गोळे भाजतात, म्हणून मोठ्या कामाला ठोकळाच वापरा.

लोखंड बऱ्यापैकी जमलं की ब्लास्ट फर्नेस करा. तिला लोखंडाच्या पाच विटा, एक साधी भट्टी आणि तीन गुळगुळीत दगड लागतात. ती दुप्पट वेगाने भाजते, जळण मात्र तेवढ्यास तेवढंच खाते.

नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. ती महापाषाण काळातली, अडीच हजार वर्षांहून जुनी. म्हणजे कच्चं लोखंड आणि कोळसा एकत्र तापवून धातू काढायचं काम आपल्या भागात फार जुनं. खेळात जळण खाली आणि खनिज वर असं वेगळं ठेवतात. खऱ्या भट्टीत दोन्ही एकत्रच असत, कारण कोळसा नुसती उष्णता देत नाही, तो खनिजातला ऑक्सिजनही ओढून घेतो. पोट्ट्यांना खेळता खेळता एवढं सांगितलं तर दहावीच्या पुस्तकातला धातूंचा धडा त्यांना परका वाटत नाही.

लोखंड आधी कशावर

बहुतेक नवे खेळाडू पहिल्या लोखंडाची तलवार करतात. मी तसं करत नाही. पहिल्या तीन विटांची पिकॅक्स, कारण तिच्याशिवाय पुढचं एकही खनिज निघत नाही. चौथ्या विटेची ढाल. तिला एक वीट आणि सहा फळ्या एवढंच लागतं, आणि कंकालाचे बाण व क्रीपर नावाच्या फुटणाऱ्या राक्षसाचा स्फोट ती अडवते. फोनवर खाली वाकलं की ढाल आपोआप पुढे येते. पुढच्या तीन विटांची बादली, लाव्ह्यासाठी. मग तलवार, दोन विटा. त्यानंतर चिलखत: छाती आठ, पाय सात, टोप पाच, बूट चार, एकूण चोवीस. सगळं एकदम जमत नसेल तर छातीपासून सुरू करा, सर्वांत जास्त बचाव तिथे होतो.

होकायंत्राला चार लोखंड आणि एक रेडस्टोन लागतं. ते तुमच्या घराकडे बोट दाखवत नाही, जग जिथे सुरू झालं त्या जागेकडे दाखवतं. घर लांब बांधलं असेल तर ते करून उपयोग नाही, वहीतले आकडेच कामाचे.

हिरा कशावर

पहिल्या तीन हिऱ्यांची पिकॅक्स. हिऱ्याचं फावडं किंवा हिऱ्याचं खुरपं पहिल्या महिन्यात करू नका. पिकॅक्सने चार ऑब्सिडियन काढा, प्रत्येकाला जवळजवळ दहा सेकंद लागतात. मग आणखी दोन हिरे आणि एक पुस्तक घालून मंत्र-टेबल करा. लापिसचा खरा उपयोग इथे आहे, कारण मंत्र घालताना तेच खर्च होतं. म्हणून वाटेत दिसलेलं लापिस सोडू नका. एका ठोकळ्यातून चार ते नऊ तुकडे निघतात.

पिकॅक्सवर फॉर्च्यून नावाचा मंत्र मिळाला तर एका हिऱ्याच्या ठोकळ्यातून जास्त हिरे निघतात. त्याच्या तिसऱ्या पातळीवर सरासरी २.२ पडतात आणि कधी चारही. त्यामुळे गरजेचे पाच हिरे झाले की पुढचे दिसले तरी लगेच काढू नका. जागेचे आकडे लिहा, मशाल लावा, फॉर्च्यून मिळाल्यावर परत या. मोह आवरणं कठीण जातं, पण दुपटीहून जास्त फायदा आहे. कोळसा आणि कच्च्या लोखंडालाही हा मंत्र लागू पडतो.

तांब्याचा एक उपयोग आवर्जून करा. तीन विटांचा वीजरोधक दांडा होतो. लाकडी घर आणि गोठ्याजवळ उंचावर तो लावा, म्हणजे वीज त्याच्यावर पडते आणि आग लागत नाही. सोनं सुरुवातीला जपून ठेवा, नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या दुसऱ्या जगात, उतरायची वेळ आली की सोन्याचे बूट कामी येतात. तिथले पिगलिन नावाचे डुकरासारखे प्राणी सोनं अंगावर दिसलं की वाटेला जात नाहीत. नेदरमधलं एन्शंट डेब्री हे सर्वांत पक्कं खनिज, १५ च्या आसपास मिळतं आणि हिऱ्याच्या पिकॅक्सनेच निघतं. त्याची घाई नको.

पाचू मात्र खणायच्या भानगडीत पडू नका. खेळातल्या गावात शेतकरी असतो, गवती टोपी घातलेला. तो वीस गहू घेऊन एक पाचू देतो. गाजरं बावीस, बटाटे सव्वीस, बीट पंधरा. आपण शेतीच्या मुलखातले, हे आपल्याला डोंगर पोखरण्यापेक्षा सोपं. पाण्याची एक जागा चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवते, म्हणून मध्ये एक खड्डा पाण्याचा आणि भोवती नऊ गुणिले नऊचं वावर करा. गावात शेतकरी नसेल तर बिनधंद्याच्या माणसाजवळ कंपोस्टर, म्हणजे खत करायची पेटी, ठेवा, तो शेतकरी होतो. मग त्याच्याशी एक तरी सौदा लगेच करून टाका. एकदा सौदा झाला की कंपोस्टर तिथून हलवला तरी त्याचा धंदा बदलत नाही.